पैसे आले, पण दिले कोणी? देणगीसाठी समाजमाध्यमं वापरताना या चुका टाळा

लहान सामाजिक संस्थांचे मला फोन येतात ते बहुधा एकाच वाक्याने सुरू होतात. "ताई, एक रील व्हायरल करून द्या ना." संस्था सांगलीची असो, बीडची असो की पालघरची. चालवणारी माणसं वर्षानुवर्षं झिजलेली असतात, काम अस्सल असतं, आणि अपेक्षा अशी की दीड मिनिटाच्या व्हिडिओवर वसतिगृहाची इमारत उभी राहील. मी उलट विचारते, "गेल्या वर्षी ज्यांनी पैसे दिले त्यांची यादी आहे का?" त्यावर हमखास येणारं उत्तर: "यादी म्हणजे... बँकेत असेल की."

रील कशी काढायची, कोणतं गाणं लावायचं हे शिकवणारे आता गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे खुशाल जा. मी लिहितेय ते पैसे खात्यात पडायला लागल्यावर काय होतं त्याबद्दल. संस्थांचा घात तिथे होताना मी पाहिलाय, आणि खरं सांगायचं तर तेच तेच पाहून कंटाळलेही आहे.

क्यूआर कोड टाकून मोकळं होणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक निवासी शाळा आहे. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. मालिकांमध्ये काम करणारी एक अभिनेत्री तिथे गेली, मुलांबरोबर जेवली, आणि तिने स्वतःच्या पानावर व्हिडिओ टाकला. शेवटी संस्थेचा क्यूआर कोड. व्हिडिओ तुफान चालला. १०१, २५१, ५००, मध्येच कुणाचे ११ हजार. खजिनदारांचा फोन टुणटुणत राहिला. विश्वस्तांनी पेढे वाटले.

मे महिन्यात सीएंनी देणगीदारांची यादी मागितली: नाव, पत्ता, पॅन, रक्कम. संस्थेकडे होतं फक्त बँकेचं स्टेटमेंट. त्यात ओळीमागून ओळी 'यूपीआय', पुढे बारा आकडी संदर्भ क्रमांक, आणि कुठे अर्धवट नाव, तर कुठे कुणाचं टोपणनाव आणि जन्मवर्ष जोडून केलेला यूपीआय पत्ता. अशा पत्त्यावरून माणूस कसा शोधणार? फोन नंबर नाही, ईमेल नाही. दोन कार्यकर्ते कित्येक दिवस तेच उपसत बसले आणि शेवटी त्यांनी हात टेकले.

हे झालं आतलं. बाहेर त्याहून वाईट चाललं होतं. ठाण्याच्या एका गृहस्थांनी वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त ५१ हजार दिले होते. पावतीसाठी त्यांनी फेसबुकवर निरोप पाठवला, तो 'मेसेज रिक्वेस्ट'मध्ये पडून राहिला, कारण तो कप्पा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. मग त्यांनी त्याच व्हिडिओखाली विचारलं. पानावरून उत्तर गेलं: हात जोडलेली दोन चित्रं. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, "पैसे घेताना क्यूआर कोड, पावती मागितली की नमस्कार." त्याखाली "मलाही मिळाली नाही" म्हणणारे आणखी काही जण जमा झाले. कुणीतरी घाबरून त्या कॉमेंट्स उडवल्या. तोवर त्यांचे स्क्रीनशॉट निघाले होते, आणि अर्थातच ते फिरले. संस्थेने एक रुपयाचीही अफरातफर केली नव्हती.

यात कायद्याची बाजू आहे ती अशी. ८०जी नोंदणी म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी. ती असलेल्या संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरायचं असतं. त्याला आपण इतकी वर्षं १०बीडी म्हणत आलो. त्यावरून देणगीदाराला द्यायचं प्रमाणपत्र म्हणजे १०बीई. विवरण उशिरा भरलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं, आणि प्रमाणपत्र नसेल तर देणगीदाराला वजावट मिळत नाही. शिवाय नाव-पत्ता नसलेली देणगी निनावी धरली जाते. अशा देणग्या एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यापुढे गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर आहे. म्हणजे जितकी रील व्हायरल, तितका धोका मोठा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा नेमके क्रमांक सीएंना विचारा. पण कोणी दिले हे लिहून ठेवण्यातून सुटका नाही.

माझी सवय साधी आहे. क्यूआर कोड कधीच एकटा टाकायचा नाही. त्याखाली संस्थेचा व्हॉट्सॲप नंबर, संस्थेचा, खजिनदारांच्या मुलाचा नव्हे, आणि एक वाक्य: "पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता, पॅन आणि देणगी कशासाठी आहे ते या नंबरवर कळवा, पावती दोन दिवसांत मिळेल." व्हॉट्सॲपची अशी लिंक बनवता येते की दाबल्यावर हा मजकूर आधीच लिहिलेला येतो, माणसाने फक्त मोकळ्या जागा भरायच्या. मग रोज संध्याकाळी एका माणसाने स्टेटमेंट आणि आलेले निरोप समोरासमोर ठेवून जुळवायचे. जुळलं की पावती. नाही जुळलं की लाल शाईने खूण. मी हे वहीत करायला लावते. तरुण कार्यकर्ते हसतात, आणि "ताई, याला सॉफ्टवेअर असतं" हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. असतं. महिनाभर वही नीट भरून दाखवा, मग सॉफ्टवेअर घ्या. ज्यांनी वही भरली नाही त्यांनी सॉफ्टवेअरही भरलेलं मी पाहिलं नाही.

आणि कृपा करून "कॉमेंटमध्ये आपला नंबर टाका" असं लिहू नका. भामटे त्याचीच वाट बघत असतात. पॅन तर उघड्यावर कुणाकडूनच मागवू नका.

८०जी हे शब्द पोस्टवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापण्याची हौसही आता आवरा. नव्या कररचनेत ही वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून तीच रचना आपोआप लागू होते. जुनी निवडणाऱ्यांना मिळते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर त्यांनाही नाही. खाली एक ओळ पुरे.

खात्याचं नाव एक, पानाचं नाव दुसरं

पानावर संस्था एका सुटसुटीत नावाने ओळखली जाते आणि स्कॅन केल्यावर येतं 'अमुक तमुक ग्रामीण बहुउद्देशीय शिक्षण प्रसारक मंडळ'. देणारा तिथेच थांबतो, आणि त्याचं बरोबर आहे. कोडखाली लिहा: "स्कॅन केल्यावर हे नाव दिसेल," आणि ते नाव जसंच्या तसं द्या. व्यक्तीच्या खात्यावर देणगी घेण्याबद्दल मी काही लिहिणारच नाही. घेऊ नका.

अमेरिकेतला भाचा

हा प्रकार मराठी संस्थांत फार. विश्वस्तांचा भाचा न्यू जर्सीत असतो, तो पोस्ट तिथल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकतो, मंडळी हळवी होतात आणि पैसे येतात. ते घेता येतील का, हे पासपोर्टवर ठरतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे नेहमीच्या बँकमार्गाने पाठवले, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. भाच्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल आणि हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल, तर तो कायद्याच्या नजरेत परकीय स्रोत आहे, मग घरी तो कितीही शुद्ध मराठी बोलत असो. त्याचे पैसे घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. इथल्या एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं), रुपयांत, यूपीआयने आले म्हणून ते देशी होत नाहीत.

नोंदणी नसेल तर पोस्टवरच "देणगी फक्त भारतीय नागरिकांकडून" असं लिहा. वाईट दिसतं, मान्य. भाच्याला वाईट वाटेल, तर त्याला सांगा की सुट्टीत आलास की चार दिवस मुलांना इंग्रजी शिकव.

तारीख नसलेलं आवाहन

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. त्या दिवसांत एका छोट्या गटाने व्हॉट्सॲपवर निरोप सोडला: पूरग्रस्तांसाठी तातडीने हवं आहे, चादरी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, कपडे, खाली एका कार्यकर्त्याचा नंबर. "आज" हा शब्द होता, तारीख नव्हती. "आपल्या सर्व ग्रुपवर पाठवा" हे मात्र होतं, आणि लोकांनी ते मनोभावे पाळलं.

पाणी ओसरलं. गणपती झाले, दसरा झाला, निरोप फिरतच होता. दिवाळीच्या तोंडावर नाशिककडून एक टेम्पो आला. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. पाठवणाऱ्यांनी घरोघर फिरून जमवलं होतं, डिझेलचा खर्च स्वतः केला होता. इकडे तोवर लोकांना हव्या होत्या मुलांच्या वह्या-पुस्तकं, पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून, पडलेल्या भिंती बांधून. कपडे आधीच इतके आले होते की ते ठेवायलाही जागा नव्हती. टेम्पो परत पाठवता येईना आणि उतरवून घेता येईना. त्या नाशिककरांना पुन्हा कुणी मदतीला बोलावलं तर ते येतील असं मला वाटत नाही. कार्यकर्त्याला वर्षभर फोन येत राहिले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा कुणाच्या तरी फोनमधून तोच मजकूर पुन्हा बाहेर पडला आणि याचा फोन पुन्हा वाजू लागला. तोवर तो पुण्यात नोकरीला होता.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंतच बदलता येतो, आणि पुढे ढकललेल्या प्रती तर कधीच आपल्या हातात नसतात. म्हणून पहिल्या ओळीत तारीख, महिना, साल. शेवटच्या ओळीत "हे आवाहन अमुक तारखेपर्यंतच". चित्र करत असाल तर तारीख चित्राच्या मधोमध, कडेला नको. कडा लोक कापतात. काय हवं ते आकड्यात लिहा, आणि काय नको तेही. "जुने कपडे नकोत" लिहायला आपल्याला संकोच वाटतो. वाटू देऊ नका.

मी स्वतः मजकूर दोन-तीन ओळींचा ठेवते आणि सविस्तर यादी एका पानावर, ज्याची लिंक निरोपात असते. पान आपल्या हातात असतं. गरज संपली की तिथे मोठ्या अक्षरांत "पूर्ण झालं, आता पाठवू नका, आभार" असं लिहायचं. निरोप पुढची दोन वर्षं फिरला तरी लिंक उघडणाऱ्याला खरी स्थिती दिसते.

मुलांचे चेहरे

"फोटोशिवाय लोक देत नाहीत हो." देतात. बालगृहातल्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने बंदी आहे. नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असं काहीच नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आईची सही घेतलीय" म्हणून हे सुटत नाही. अपवादाची परवानगी बाल कल्याण समितीकडून घ्यावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, आठवीतल्या मुलीचा 'आली तेव्हा' आणि 'आता' असा फोटो ती बावीस वर्षांची होऊन नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही सापडणार आहे, हे फोटो टाकणाऱ्याला सुचत नाही.

वृद्धाश्रमातल्या आजींना कॅमेऱ्यासमोर मुलाबद्दल विचारून रडवणारे व्हिडिओ मला बघवत नाहीत. त्यांना पैसे मिळतात, हे मला माहीत आहे. तरीही नको.

त्यापेक्षा भाकरी थापणारे हात दाखवा. महिन्याच्या किराण्याचं बिल टाका, ज्वारी किती, तेल किती, गॅसच्या टाक्या किती. मी सांगितल्यावर ज्यांनी बिल टाकलं त्यांना "एक टाकी माझ्याकडून" असे निरोप आलेले मी पाहिलेत.

बारीकसारीक, पण रोज दिसणाऱ्या

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून पावतीसोबतच "हा नंबर सेव्ह करा" म्हणा.

न विचारता लोकांना ग्रुपमध्ये घालू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात.

इन्स्टाग्रामवर मजकुरात टाकलेली लिंक दाबता येत नाही. ती बायोमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरवर द्या.

दहा हजार फॉलोअर विकणारा भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. घाऊक निरोप पाठवून देणाऱ्याला चहाही नको, त्याच्या नादात नंबर बंद होतो.

पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणारं 'बूस्ट'चं बटण दाबायच्या आधी, कोणत्या गावातल्या कोणत्या वयाच्या लोकांना दाखवायचं ते ठरवा.

गूगल सामाजिक संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या जाहिराती फुकट देतं. ते खरंय, पण संकेतस्थळावरचं देणगीचं पान उघडत नसेल तर त्या कुठे नेणार?

रोजच्या शुभ सकाळ आणि जयंतीच्या शुभेच्छांचे फलक बंद करा. ज्या दिवशी खरंच मदत लागते त्या दिवशी तुमचं नाव दिसताच लोकांचा अंगठा पुढे सरकतो.

घेतलं, आणि गप्प बसलं

देणगी मागणाऱ्या सात पोस्ट आणि "तुमच्या पैशाचं हे झालं" सांगणारी एकही नाही, अशी पानं मला रोज दिसतात. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात चालतो. निवडक संस्थांची लांबलचक, तपशिलाने भरलेली ओळख छापतात आणि वाचक धनादेश पाठवतात. दुःखी संगीत नाही, हलता कॅमेरा नाही. मराठी देणगीदार वाचतो. कूपनलिका किती फूट गेली, पाणी लागलं की नाही, नाही लागलं तर पुढे काय ठरलं, हे त्याला हवं असतं. पाणी लागलं नाही हेही लिहा. तेवढं लिहिणारी संस्था त्याच्या लक्षात राहते.

दरमहा देणारे जमवायचे असतील तर हे आणखी गरजेचं. यूपीआय ऑटोपेवर १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता दर वेळी पिन न टाकता जातो, पण पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी देणाऱ्याला सूचना येते. तीन महिने तुमच्याकडून काही कळलं नसेल तर ती सूचना वाचून तो हप्ता बंद करतो. म्हणून हप्त्याची तारीख ५ असेल तर माझं बातमीपत्र २ किंवा ३ तारखेला जातं. एक फोटो, पाच ओळी, बस्स.

वेळेचंही तसंच. ३१ मार्चच्या रात्री सगळ्या संस्था एकदम ओरडतात, त्यात तुमचा आवाज कुणाला ऐकू जाणार? २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव शहरात, कंपन्यांमध्ये बरा चालतो. नोव्हेंबर-डिसेंबरात येणारा 'गिव्हिंग ट्यूसडे' हा जागतिक दानदिवस साताऱ्यातल्या निवृत्त मास्तरांना ठाऊक नसतो आणि त्यांचं काही अडत नाही. पितृपक्ष मात्र त्यांना पक्का ठाऊक असतो. आईच्या तिथीला मुलांना जेवण द्यायचं असतं, आणि कुठे द्यायचं ते शोधत असतात. एका दिवसाच्या जेवणाचा खर्च किती, कुणाशी बोलायचं, ही पोस्ट अनंत चतुर्दशीच्या आधीच तयार ठेवा. तिथी वहीत लिहून ठेवलीत तर पुढच्या वर्षी तुम्हीच फोन करू शकता.

पानाची किल्ली कुणाकडे?

पान उघडून दिलेलं असतं एखाद्या हुशार कॉलेजच्या मुलाने, त्याच्या स्वतःच्या खात्यावरून. तो शिकतो, नोकरीला लागतो, कधी भांडून जातो. मग पानाचा ताबाही गेला आणि ओटीपी येतो तो नंबरही गेला. असं अडकलेलं पान परत मिळवणं म्हणजे महिनोन् महिने अर्ज करत बसणं. अनेकदा शेवटी नवं पान काढावं लागतं आणि जुनं तसंच राहतं, जुन्या क्यूआर कोडसकट. पानावर कायम दोन विश्वस्त ॲडमिन हवेत, ओटीपी संस्थेच्या सिमवर, आणि ते सिम कार्यालयाच्या कपाटात. आजच सेटिंगमध्ये जाऊन नावं बघा. तिथे एकच नाव असेल आणि ते विश्वस्ताचं नसेल, तर त्या मुलाला आजच फोन लावा, तो अजून उचलतोय तोवर.